मागच्या दारांचा नकाशा

बावीस वर्षं त्याने शहरातल्या लोकांचे विजेचे मीटर वाचले. ऑफिसात सगळे त्याला बिनचूक म्हणत. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका कारखानदाराने त्याच्या आकड्यावर तक्रार केली होती. साहेबांनी तीन माणसं पाठवून मीटर पुन्हा वाचून घेतला, तर आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळला. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव पगारपत्रकावर उरलं. बायकोसुद्धा माहेरी गेली की "आमचे बिनचूक" म्हणून सांगायची, आणि बहिणींचं हसू संपेपर्यंत थांबायची.

मीटर कुणी दिवाणखान्यात लावत नाही. तो असतो जिन्याखाली, तळघरात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, नाहीतर मागच्या बोळात पत्र्याच्या पेटीत. त्यामुळे बिनचूकला शहर माहीत होतं ते मागून. बँकेचा दर्शनी दरवाजा कसा आहे हे त्याला विचारलं असतं तर डोकं खाजवावं लागलं असतं, पण बँकेच्या मागच्या दाराला किती पायऱ्या, कुठली तुटकी आणि कुलूप कुठल्या बाजूला, हे तोंडपाठ.

मान मोडली ती एका छापखान्याच्या तळघरात. दिवा गेलेला, हातात टॉर्च, उतरायच्या पायऱ्या तीन. उभ्या आयुष्यात लाखभर पायऱ्या चढला-उतरला असेल, आणि घात झाला तो तीन पायऱ्यांवर. मानेचा चौथा मणका गेला आणि त्याखालचं सगळं त्याच्यापुरतं संपलं. हात नाही, पाय नाही. आवाज राहिला, तोही अर्धामुर्धा. एका श्वासात पाच-सहा शब्द मावत, मग थांबावं लागे.

पहिलं वर्ष तो खूप रडला, असं बायको सांगायची. त्याला ते आठवत नव्हतं. नंतर रडणं थांबलं, आणि त्याबरोबर बाकीचंही बरंच थांबलं. दुसऱ्या वर्षी वडील गेले. शेवटचं दर्शन घ्यायला त्यालाही चाकांच्या खुर्चीत बसवून नेलं होतं. तो वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, आता भरून येईल म्हणून वाट पाहिली, आणि मनात आलं ते एवढंच, की त्या खोलीचे पडदे धुवायला झालेत. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगून कुणाचं काय भलं होणार होतं?

पूर्वी ते तिसऱ्या मजल्यावर राहत. अपघातानंतर बायकोने खटपट करून त्याच इमारतीतल्या तळमजल्यावरच्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. खिडकीतून सायकली लावायची शेड दिसे. बायको एका औषधांच्या गोदामात पॅकिंगला होती. सकाळी सहाला जायची, तीनला यायची. तोवर त्याच्याजवळ भाऊजी बसत. भाऊजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मालधक्क्यावर क्रेन चालवून निवृत्त झालेले, अंगाने आडवे, आवाजाने त्याहून आडवे. मेहुण्याला पलंगावरून खुर्चीत घेतानासुद्धा ते क्रेनवरच असत. "उचल. सावकाश. डावीकडे. थांब, थांब. सोड." सगळे हुकूम स्वतःच द्यायचे आणि स्वतःच पाळायचे. त्यांच्या हातून तो एकदाही पडला नाही.

वडिलांचं ते दर्शन सोडलं तर चार वर्षं बिनचूक दवाखान्याखेरीज कुठे गेला नाही. कुणी अडवलं नव्हतं. जावंसं वाटलं नाही, इतकंच.

मग व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या माणसाने विद्यापीठातल्या एका इंजिनीअर मुलीला त्याचा पत्ता दिला. ती आली ती बाहीवर कसलासा चिकट डाग घेऊनच. तिशीतली, बोलताना वाक्यं अर्धी सोडणारी. तिने सांगितलं की ती एक यंत्र बनवतेय. डोक्यावर तारांची टोपी घालायची. आपण हात हलवायचा नुसता विचार केला तरी मेंदूत बारीक लहरी उठतात. हात हलत नसला तरी उठतात. त्या लहरी टोपी पकडते आणि त्यांवर संगणकाच्या पडद्यावरचा नकाशा सरकतो. ज्यांना हात नाही आणि वाचाही नाही, त्यांना निदान बोट दाखवता यावं, मला इथे जायचंय म्हणून.

"पण याला तर बोलता येतं," भाऊजी म्हणाले.

ती म्हणाली, म्हणूनच तर हे काका हवेत. बोलता न येणाऱ्याला यंत्र कुठे चुकतंय हे सांगता येत नाही. आधी सांगू शकणारा कुणीतरी पाहिजे.

बिनचूक हो म्हणाला. हौस म्हणून नव्हे. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, त्याला श्वास लागतो. हो म्हटलं की झालं.

विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत, सामानाच्या लिफ्टने वर गेलं की तिची खोली होती. दोन टेबलं, एक मोठा पडदा, खिडकीत वाळलेलं रोप. टोपी घालायच्या आधी ती प्रत्येक तारेखाली थंडगार जेल भरायची. बत्तीस तारा, बत्तीस थेंब. ते थेंब त्याला कळायचे. मानेच्या वरची तेवढीच जागा त्याच्याकडे शिल्लक होती, आणि तिथे कुणीतरी मोजूनमापून गार बोट ठेवतंय हे त्याला ना आवडलं, ना नकोसं वाटलं. भाऊजींनी पहिल्याच दिवशी मुलीचं नाव टोपीवाली ठेवलं. तिलाही ते कळलं. ती हसली आणि पुढे तिने फोनवर स्वतःची ओळखही तशीच करून द्यायला सुरुवात केली.

काम साधं वाटत होतं. उजवी मूठ आवळल्याची कल्पना करा, नकाशा उजवीकडे जाईल. डाव्या मुठीने डावीकडे. पाय हलवल्याची कल्पना केली की नकाशा मोठा होईल. एका जागी चार सेकंद टिकलात की तिथे खूण उमटेल. आठवड्यातून तीनदा बिनचूक तिथे जाऊन मुठी आवळत राहिला. नकाशा भलतीकडेच जायचा. उजवीकडे म्हणावं तर नदीत, डावीकडे म्हणावं तर शहराबाहेर.

"नकाशा घेऊन आलाय सकाळी सकाळी," भाऊजींनी अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवलं.

तीन आठवडे असेच गेले. टोपीवालीच्या नाकी नऊ आले. तिने तारा बदलल्या, जेल बदललं, एकदा तर खोलीतला दिवा बदलला. बिनचूकला चूक कुठे आहे ते कळत होतं, पण शब्दांत धरता येत नव्हतं. मूठ आवळायची म्हटलं की त्याला मूठ डोळ्यांपुढे दिसायची, सिनेमात दिसते तशी. दुसऱ्या कुणाची तरी. आतून काही उठत नव्हतं. आपल्या हातांना तो विसरला होता, आणि हातही त्याला विसरले होते.

एका मंगळवारी टोपीवाली फोनवर बोलायला बाहेर गेली आणि यंत्र चालूच राहिलं. बिनचूक पडद्याकडे पाहत होता. नकाशावर त्याच्या जुन्या फेरीतली एक गल्ली आली होती. त्या गल्लीत शिंप्याच्या दुकानामागे मीटरची एक पेटी होती, गंजलेलं झाकण उजव्या हाताने खालून वर उचलावं लागायचं, अंगठा आत घालून, जरा झटका देऊन. त्याने ते झाकण उचललं. नुसतं मनात, काही ठरवून नाही. नकाशा उजवीकडे सरकला.

त्याने पुन्हा उचललं. पुन्हा सरकला. डाव्या हातात तो टॉर्च धरायचा आणि मनगट वळवून आकड्यावर पाडायचा. त्याने टॉर्च वळवला. नकाशा डावीकडे गेला. मग त्याने जिना चढायला घेतला, अरुंद, दगडी, वरच्या मजल्यावरच्या मीटरपर्यंत. गल्ली मोठी होत गेली, घरांच्या भिंती पडद्यावर जाड होत गेल्या.

टोपीवाली परत आली तेव्हा तो चौथ्या पेटीपाशी पोहोचला होता. ती दारातच उभी राहिली, फोन कानाला तसाच. भाऊजींनी तिला खुणेनेच गप्प राहायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला आवाज न करता काही सांगितलं असेल.

बरं वाटलं का, असं तिने नंतर विचारलं. बिनचूकने विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "वेळ गेला."

तिच्या नकाशाला आणखी एक काम होतं. कुठे पायऱ्या आहेत आणि कुठे खुर्ची सरळ आत जाते, हे त्यावर दाखवायचं होतं. पायऱ्यांना लाल खूण, सपाट वाटेला हिरवी. पण खुणा फारच थोड्या होत्या, त्याही सगळ्या पुढच्या दारांच्या, आणि पुढच्या दारांना बहुतेक लालच. बिनचूकने मागची दारं भरायला सुरुवात केली. टपाल कचेरी, मागून सपाट. कापड बाजार, मालाच्या बाजूने उतार. ग्रंथालय, तळघरातून लिफ्ट आहे, पण फक्त पुस्तकांसाठी म्हणून लिहिलंय, माणूस मावतो. एका बैठकीत पंचवीस-तीस खुणा व्हायच्या. दोन महिन्यांत सहाशेच्या वर गेल्या. टोपीवाली प्रत्येक भेटीत आकडा सांगायची, तो ऐकून घ्यायचा. घरी बायको विचारायची, आज काय काय केलंत, तर तो म्हणायचा, फेरी केली. ती पुढे विचारत नसे. पण तिने बहिणीला फोनवर सांगितलेलं त्याने ऐकलं, की ते हल्ली झोपेत हिशेबाने श्वास घेतात, जिना चढल्यासारखा.

पावसाळा संपता संपता त्या खोलीत आणखी एक खुर्ची आली. तिच्यात पन्नाशीच्या एक बाई होत्या. पोहण्याच्या तलावावर तीस वर्षं मुलींना पोहायला शिकवलेल्या. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि मान, हात, पाय, जीभ, सगळं एका सकाळी बंद पडलं. समजत सगळं होतं. डोळे वर उचलले की हो, एवढीच भाषा उरली होती, आणि डोळेही लवकर थकत. बरोबर त्यांचे यजमान असत. ते घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून भाऊजी त्यांना घड्याळजी म्हणू लागले. घड्याळजी कमी बोलायचे. बायकोच्या ओठांच्या कडेला जमलेली लाळ ते इतक्या हलकेच टिपत, की जणू भिंग लावूनच बसलेत.

यंत्र मुळात या बाईंसाठी होतं. तेच नेमकं त्यांच्यावर चालेना. बिनचूक मागे आपल्या पाळीची वाट पाहत असे आणि टोपीवालीचा आवाज ऐकत असे. उजवी मूठ आवळा. आता सोडा. आता डावी. पडदा हलत नसे. तिसऱ्या दिवशी बाईंचे डोळे मिटायला लागले. टोपीवालीने टोपीचा पट्टा सैल केला आणि म्हणाली, आज राहू द्या.

"त्यांना मूठ आवळायला सांगू नका," बिनचूक म्हणाला.

टोपीवाली वळली. त्याने श्वास भरून घेतला.

"त्यांनी मुठी कधी आवळल्या? पोहायला सांगा."

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी डोळे वर उचलले, आणि वरच ठेवले.

मग टोपीवालीने सगळं नव्याने मांडलं. उजव्या हाताने पाणी मागे ओढायचं, डाव्या हाताने ओढायचं, पायांनी पाणी मारायचं. आठवडाभर बाई बंद डोळ्यांनी पोहत राहिल्या आणि यंत्र त्यांच्या लहरी शिकत राहिलं. पुढच्या सोमवारी नकाशा हलला. आधी चुकतमाकत, मग सरळ. त्या आपल्या घरावरून गेल्या, थांबल्या नाहीत. बाजारावरून गेल्या. पूल ओलांडला. पोहण्याच्या तलावापाशी आल्या आणि थांबल्या. चार सेकंदांनी तिथे खूण उमटली. मग त्याच जागी दुसरी. मग तिसरी.

"अगं, तिथे पुढे चौदा पायऱ्या आहेत," घड्याळजी हळू म्हणाले. "तुला माहितेय ना?"

त्यांना माहीत नसेल तर कुणाला? नकाशा तिथून हलला नाही.

बिनचूक मागून म्हणाला की मागच्या बोळात गाळणीयंत्राची खोली आहे, तिथला मीटर तो वाचायचा. पाणी शुद्ध करायच्या औषधाचे पिंप गडगडत आत न्यायला तिथे सिमेंटचा उतार आहे. रुंद, चांगला. तिथून सरळ तलावाच्या काठावर.

"नक्की?" घड्याळजींनी विचारलं.

"नक्की."

त्या दिवशी टोपी घातल्यावर त्याने पहिलं काम केलं ते तलावाच्या मागे हिरवी खूण लावण्याचं.

शनिवारी ते दोघं गेले. सोमवारी घड्याळजी एकटेच आले, आणि त्यांनी काय झालं ते सांगितलं. उतार नव्हता. दोन पायऱ्या होत्या, नव्या, उंच. त्यांनी खुर्ची मागे कलती करून चढवून पाहिली, जमलं नाही. आतून कुणी आलं नाही. भिंतीपलीकडून मुलींचा आरडाओरडा आणि शिट्टी ऐकू येत होती. बाई त्या बोळात अर्धा तास बसल्या. मग त्यांच्या डोळ्यांवर ऊन यायला लागलं म्हणून ते परत फिरले. हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. सांगितलं, जसं घड्याळ का बंद पडलं ते गिऱ्हाईकाला सांगावं. आज ती यायला तयार नाही, एवढं म्हणाले आणि टेबलावरची तारांची टोपी मांडीवर घेऊन बसले.

टोपीवाली घाईने म्हणाली, काकांची चूक नाही, माहिती जुनी होती, अशा गोष्टी होतात. भाऊजी चुळबुळले. बिनचूकचे कान गरम झाले होते. गाल नाही, डोळे नाही, नुसते कान, आणि ते त्याला स्पष्ट कळत होते. शेवटचं असं कधी झालं होतं ते त्याला आठवेना.

त्याने टोपी घालायला सांगितली. ती हिरवी खूण त्याला स्वतः पुसायची होती. एरवी अर्ध्या मिनिटाचं काम. त्या दिवशी झाकण उचलता उचलत नव्हतं, टॉर्च हातात राहत नव्हता, जिन्याची पायरी सापडत नव्हती. वीस मिनिटं लागली. टोपीवालीने दोनदा विचारलं, मी पुसू का? तो नाही म्हणाला. त्याला श्वास लागला, तरी म्हणाला.

घरी आल्यावर बायको वाळलेले कपडे घड्या घालत होती.

"मला जाऊन बघायचंय," तो म्हणाला.

तिचे हात थांबले नाहीत. कुठे म्हणून विचारलं, त्याने सांगितलं. चार वर्षांत त्याने कुठे जायचं म्हटलं नव्हतं, आणि दुसरी कुणी असती तर तिथेच डोळे पुसत बसली असती. तिने चादरीची घडी पुरी केली. "उद्या-परवा मला गोदामात जावंच लागेल. गुरुवारी सुट्टी काढते. भाऊजींना सांगून ठेवा."

गुरुवारी तिघं निघाले. बायको पुढे, भाऊजी खुर्चीमागे. दर फुटपाथच्या कडेला क्रेन चालू व्हायची. "टेकव. कलती कर. उचल. सोड." लोक पाहत होते. बिनचूकला वाटलं होतं की लोकांनी पाहिलेलं लागेल. लागलं नाही. तो लोकांकडे पाहतच नव्हता. उंबरे पाहत होता. चार वर्षांत केवढं बदललं होतं! कापड बाजाराच्या उतारावर कुणीतरी फळांची गाडी कायमची लावली होती. टपाल कचेरीच्या मागच्या दाराला दोन बोटं उंचीची लोखंडी पट्टी बसली होती. त्याने काही न बोलता ते सगळं डोक्यात नोंदवलं, एकामागून एक, आणि प्रत्येक नोंदीबरोबर त्याला आपल्या सहाशे खुणांची लाज वाटत गेली.

तलावामागच्या बोळात दोन पायऱ्याच होत्या. भिंतीवर जुन्या उताराचा डाग तिरका दिसत होता, रंग वेगळा पडलेला. भाऊजींनी लोखंडी दार वाजवलं. बराच वेळ वाजवलं. शेवटी आतून पंपावरचा म्हातारा आला, हात पुसत. त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"बिनचूक? तुम्ही गेलात असं ऐकलं होतं."

"अर्धाच."

म्हातारा हसला, आणि हसलो म्हणून शरमला. मग त्याने सांगितलं की पिंप हल्ली येत नाहीत, औषध लहान डब्यांतून येतं. दोन वर्षांपूर्वी नळ बदलायला उतार फोडला आणि ठेकेदाराने परत बांधताना पायऱ्याच बांधल्या, सिमेंट कमी लागतं म्हणून. इथून काही होणार नाही. पण बाजूला टॉवेल धुवायची खोली आहे, तिला रस्त्याकडून दार आहे, सपाट. ते दार पाच-सहा वर्षांत उघडलेलं नाही, कारण त्यापुढे मोडकी बाकं रचलीत.

भाऊजींनी बाह्या वर केल्या. त्यांनी आणि म्हाताऱ्याने मिळून अकरा बाकं हलवली. बायकोने किल्लीसाठी व्यवस्थापकाची खोली गाठली आणि तिथे काय बोलली कोण जाणे, व्यवस्थापक स्वतः किल्ली घेऊन आला. दार करकरत उघडलं. रुंदी पुरेल का, हा प्रश्न होता. टेप कुणाकडेच नव्हती.

"मला घाला आत," बिनचूक म्हणाला.

भाऊजींनी खुर्ची सरळ लावली. एका बाजूला हाताचं बोट जाईल एवढी फट राहिली, दुसऱ्या बाजूला तेवढीही नाही. चौकट घासून गेली, पण खुर्ची गेली. ओल्या टॉवेलांच्या ढिगांमधून, एका उघड्या कमानीतून ते थेट तलावाच्या काठावर आले.

पाणी हलत होतं. वर्ग चालू होता. आठ-दहा मुली काठाला धरून पाय मारत होत्या आणि एक तरुण शिक्षिका शिट्टी तोंडात धरून फेऱ्या घालत होती. औषधाचा वास नाकात गेला. हे सगळं त्याने चार वर्षांत पहिल्यांदा पाहिलं होतं, एवढं पाणी, एवढे हातपाय. त्याला वाटलं, आता काहीतरी वाटेल. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. बायकोही त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती, तीही बहुधा त्याचीच वाट पाहत होती. काही आलं नाही. दार पुरेसं रुंद आहे, जेमतेम, एवढं मात्र खरं होतं.

"चला," तो म्हणाला. "घड्याळजींना कळवा. बाकं परत रचू देऊ नका, तेही सांगा."

बाई पुढच्या बुधवारी गेल्या. बिनचूक तिथे नव्हता. घड्याळजींनी नंतर सांगितलं ते असं, की ती शिट्टीवाली शिक्षिका बाईंचीच विद्यार्थिनी निघाली. तिने वर्ग तसाच सोडला नाही. पुरा केला, मुलींना बाहेर काढलं, मगच आली. ओंजळीत पाणी आणून तिने बाईंच्या पालथ्या हातावर सोडलं, पुन्हा आणलं, पुन्हा सोडलं. बाईंचा चेहरा हलत नाही, त्यामुळे त्यांना काय वाटलं हे कुणाला सांगता येणार नाही. तासभर बसल्या. घरी येताना झोपल्या.

दुसऱ्या दिवशी टोपी घातल्यावर बाई सरळ तलावाकडे गेल्या आणि पाय मारायला लागल्या. नकाशा मोठा होत गेला, इमारत पडद्याबाहेर गेली, काठ बाहेर गेला, आणि सगळा पडदा निळा झाला. तिथे त्यांनी तो धरून ठेवला. टोपीवालीला वाटलं, यंत्र अडकलं. ती तारा तपासायला पुढे झाली.

"असू दे," घड्याळजी म्हणाले.

त्या दिवशी बिनचूकने आपल्या सहाशे एकोणतीस खुणा राखाडी करायला सांगितल्या. हिरव्या नाहीत, लाल नाहीत. न तपासलेल्या. टोपीवालीने विरोध केला, तिचा अहवाल जवळ आला होता आणि त्यात तो आकडा जाणार होता. तो ऐकेना. शेवटी अहवालात आकडा गेला सत्तावीस, तोवर प्रत्यक्ष जाऊन तपासलेल्या खुणांचा, आणि खाली एक ओळ, की बाकीच्या पाहणीअभावी धरलेल्या नाहीत.

वर्षाच्या शेवटी संशोधन संपलं. टोपी, पडदा, बत्तीस तारा, सगळं खोक्यांत भरून दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात गेलं. टोपीवालीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ती इकडेतिकडे पाहत होती. बिनचूकने तिला चहा घ्यायला सांगितलं. त्याला राग आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. बाईंसाठी मात्र तिने पिच्छा पुरवला. सहा-सात महिन्यांनी आठ तारांची एक साधी टोपी त्यांच्या घरी पोहोचली. ती फक्त सकाळी, डोकं ताजं असतानाच चालते. घड्याळजी रोज स्वतः जेल भरतात, आणि एक थेंब इकडचा तिकडे होत नाही.

बिनचूकला टोपीची गरज उरली नाही. दर गुरुवारी तिघं निघतात. तो पाहतो, सांगतो, बायको फोनवर नकाशात खूण लावते. लोक म्हणतात, उमेद परत आली. बायको यावर काही बोलत नाही, कारण तिला माहीत आहे. पलंगावर पडल्यावर तो अजूनही सायकलींच्या शेडकडे तसाच पाहतो. फक्त बुधवारी संध्याकाळी विचारतो, उद्या कुठली गल्ली.

गेल्या गुरुवारी ते न्यायालयाच्या मागे गेले होते. तिथे नवाकोरा उतार होता, स्टीलच्या कठड्यासकट, नुकताच रंगवलेला. बायको म्हणाली, हिरवी लावू का? त्याने भाऊजींना वर ढकलायला सांगितलं. भाऊजी ढकलू लागले, अर्ध्यावर त्यांचे पाय घसरायला लागले, क्रेनचे हुकूम बंद झाले, आणि वर पोहोचल्यावर ते कठड्याला धरून मिनिटभर नुसते उभे राहिले.

"काय लिहू?" बायकोने विचारलं.

"उतार आहे," तो म्हणाला. श्वास घेतला. "पण फार उभा. दोन माणसं लागतील."

तिने ते तसंच लिहिलं आणि कुठला रंग द्यायचा म्हणून त्याच्याकडे पाहिलं. लाल आणि हिरवा, दोन्ही बसत नव्हते. तो विचार करत राहिला. आतल्या चौकीदाराने काच सरकवून आत यायचंय का म्हणून विचारलं. भाऊजींनी हात हलवून नाही म्हटलं, आणि घाम पुसत पायाने खुर्चीचा ब्रेक लावला.